तिसऱ्या प्रयोगापर्यंत

"वडा आज तेलकट आहे," ओगले म्हणाले.

"रोजच असतो," दाणी म्हणाला. "आज तुमचं लक्ष वड्याकडे आहे, एवढाच फरक."

शनिवारच्या 'संगीत पद्मरेखा'च्या शुभारंभाच्या प्रयोगाचं मध्यंतर होतं. नाट्यगृहाच्या कॅन्टीनमध्ये जिन्याखाली एक अरुंद कोपरा होता. आम्ही तिघं परीक्षक दर मध्यंतराला तिथेच उभे राहायचो. मी एका सकाळच्या दैनिकात नाटकांची परीक्षणं लिहायचे. मनोहर ओगले आमच्या प्रतिस्पर्धी दैनिकात लिहायचे. वयाने ते माझ्याहून बरेच मोठे, आणि पुण्यात नाटक बघणाऱ्यांत त्यांच्या शब्दाला सगळ्यात जास्त वजन. दाणी एका सांजदैनिकात होता. आमच्यात तोच लहान, आणि जिभेला हाड नसलेला.

आमचा एक नियम होता. मध्यंतरात नाटकाबद्दल अवाक्षर काढायचं नाही. फार पूर्वी कुणीतरी चहा पिता पिता "ओलसर अभिनय" असं म्हणून गेलं होतं आणि दोन दिवसांनी तिन्ही पेपरांत अभिनय ओलसर निघाला होता. तेव्हापासून आम्ही वड्यावर बोलायचो, पार्किंगवर, कुणाची बदली झाली त्यावर. नियम मोडला की चहाचे पैसे मोडणाऱ्याने द्यायचे.

त्या दिवशी नियम पाळणं जड जात होतं. वृंदा मांद्रेकर दोन वर्षांनी रंगमंचावर परतली होती. तिच्या स्वरतंतूंवर गाठी झाल्या होत्या, शस्त्रक्रिया झाली होती, आणि ती पुन्हा गाणार नाही असं निम्मं पुणं धरून चाललं होतं. पहिल्या अंकात ती गायली. पट्टी खाली आणली होती, वरचे सूर ती वळसा घालून टाळत होती. ज्यांना कळायचं त्यांना कळलं. बाकीच्यांनी टाळ्या दिल्या.

"तिसरं पद कसं वाटलं?" ओगल्यांनी अचानक विचारलं.

दाणी वडा खायचा थांबला. "दंड! ओगले, चहा तुमच्याकडून. आजवर पहिल्यांदा."

"देतो. वर्देबाई, तुम्ही सांगा. तिसरं पद."

"तोकडं," मी म्हणाले.

"तोकडं?"

"मुखडा दोनदा म्हटला आणि विंगेत गेली. पण बरं केलं तसं. 'जाताना वाट पुसून जा, सख्या' म्हटल्यावर आणखी काय सांगायचं राहतं? मला तर ते धीट वाटलं."

ओगल्यांनी अर्धा वडा बशीत ठेवला. मग तिसरी घंटा झाली.

नाटक संपल्यावर आम्ही पायऱ्या उतरत होतो, तेवढ्यात निर्माते शिरोळे यांच्याकडचा माणूस धावत आला. वृंदाताईंनी तिघांना आत बोलावलंय म्हणाला. प्रयोगानंतर परीक्षकांनी रंगपटात जाऊ नये असा आमचा आणखी एक संकेत होता. मी थबकले. ओगले म्हणाले, "चला हो. आजारी माणसाला भेटायला संकेत कसला?"

वृंदा आरशासमोर बसली होती. मुकुट उतरवलेला, गळ्याभोवती लोकरी मफलर. तिने दार लावून घ्यायला सांगितलं. बोलताना आवाज इतका बारीक होता की दाणीसुद्धा गप्प राहून ऐकत होता.

"तुम्हाला ऐकू आलंच असेल," ती म्हणाली. "अजून भरलेला नाही गळा. डॉक्टर म्हणाले होते आणखी पंधरा दिवस थांब. पण अण्णांच्या तारखा आधीच ठरल्या होत्या." अण्णा म्हणजे शिरोळे. "शेवटी त्यांनी एवढं कबूल केलंय की पहिले तीन प्रयोग उरकायचे आणि मग पंधरा दिवस सुट्टी. तेवढ्यात मी बरी होते. डॉक्टर लिहून द्यायला तयार आहेत."

"मग आम्ही काय करायचं?" दाणीने विचारलं.

"लिहू नका. तिसऱ्या प्रयोगापर्यंत थांबा."

"वाईट लिहू नका म्हणतेस?" मी विचारलं.

"नाही ताई. काहीच लिहू नका. वाईट लिहिलंत तर मी संपलेच. पण चांगलं लिहिलंत तर जास्त वाईट. चांगलं आलं की बुकिंग वाढणार. बुकिंग वाढलं की अण्णा सुट्टी विसरणार, रोज प्रयोग लावणार. आणि रोज गायले तर हा गळा जाईल. परत येणार नाही. डॉक्टरांनी तसं तोंडावर सांगितलंय." तिने आमच्या तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "तीन प्रयोग अर्ध्या रिकाम्या खुर्च्यांपुढे होऊ देत. नंतर माझं काय करायचं ते करा."

सगळ्यांच्या आधी बोलले ते ओगले. "दिला शब्द," ते म्हणाले. "तिसऱ्या प्रयोगापर्यंत माझ्याकडून एक ओळ येणार नाही."

"माझाही," मी म्हणाले.

"माझं कोण वाचतं?" दाणी म्हणाला. "पण माझाही."

वृंदाने हात जोडले. ओगल्यांकडे बघताना तिची नजर जरा जास्त वेळ तिथे राहिली. मला ते स्वाभाविक वाटलं. ती नवखी असताना तिच्याबद्दल पहिला चांगला शब्द त्यांनीच लिहिला होता आणि ती त्यांना भाऊ म्हणायची.

रविवारी दुपारी मी संपादकांना सांगितलं की सोमवारच्या पानावर पद्मरेखा नाही.

"म्हणजे? जागा ठेवलीय मी."

"तिसरा प्रयोग झाल्यावर लिहिते. सगळ्यांनीच थांबायचं ठरवलंय."

"सगळ्यांनी म्हणजे ओगल्यांनीसुद्धा?"

"त्यांनीच सगळ्यात आधी शब्द दिला."

संपादक माझ्याकडे पाहत राहिले. "तुम्हाला खात्री आहे?"

"ओगल्यांची मला माझ्यापेक्षा जास्त खात्री आहे," मी म्हणाले. हे वाक्य मला अजून पाठ आहे.

त्या जागी आम्ही महापालिकेच्या बागेतल्या पुष्पप्रदर्शनाचा फोटो टाकला.

सोमवारी सकाळी फोन वाजला तेव्हा मी कणीक मळत होते. दाणी होता.

"बाई, वाचलं?"

"काय?"

"आधी वाचा. मग आपण दोघं मिळून शिव्या घालू."

समोरच्यांकडे तो पेपर यायचा. मी पिठाच्या हातांनीच तो मागून आणला. अर्धं पान होतं. मथळा होता : 'तोच सूर, तीच वृंदा'. ओगल्यांचं गद्य नेहमीच नेटकं असायचं. त्या दिवशी ते चक्क प्रेमात पडल्यासारखं होतं. दोन वर्षांच्या मौनानंतर हा गळा अधिकच खोल झाला आहे. ज्यांनी तिला संपलेली समजलं होतं त्यांनी येऊन ऐकावं. तार सप्तकातली तिची सहजता पाहता तिला कधी काही झालं होतं यावर विश्वास बसत नाही.

तार सप्तकात ती गेलीच नव्हती.

मी उभ्या उभ्या वाचत होते. पहिल्या अंकाच्या शेवटाबद्दल एक परिच्छेद होता. 'जाताना वाट पुसून जा, सख्या' हे पद नाटकाचा प्राण आहे, आणि त्याच्या अंतऱ्यात वृंदा मांद्रेकरांनी प्रेक्षागृहाचा श्वास रोखून धरला. त्याखाली दोन ओळी वेगळ्या छापल्या होत्या :

उंबऱ्यात थांबली होती एक हाक ओली
तीच आज ओठांवरती राख होत गेली

पुढे एक छोटं वाक्य : 'श्रीरंग या नव्या कवीची पदे नाटकास शोभा देतात.'

मी दाणीला फोन लावला. "तू हा अंतरा ऐकलास?"

"कुठला अंतरा?"

"त्यांनी छापलाय तो."

कागदाची सळसळ झाली. "नाही ऐकला बुवा. मी झोपलो असलो तर माहीत नाही. पण पहिल्या अंकात मी झोपत नाही, दुसऱ्यात झोपतो."

"तिने गायलाच नाही तो. मुखडा म्हणून ती आत गेली. तू होतास, मी होते."

"पदांच्या पुस्तिकेत असेल."

"पुस्तिका छापलेलीच नाही. मी शनिवारी मागितली होती. पैसे वाचवलेत म्हणाले."

दाणी पुन्हा पेपर चाळू लागला, ते फोनवर ऐकू येत होतं.

श्रीरंग कोण हे कुणालाच माहीत नव्हतं. जाहिरातीत 'पदे : श्रीरंग' एवढंच असायचं. इंदूरचे कुणी बँकेतले अधिकारी आहेत, लाजाळू आहेत, पुण्याला येत नाहीत, अशी बोलवा होती.

ओगले नारायण पेठेत राहायचे. वहिनींनी दार उघडलं आणि त्यांचा चेहरा फुलला. "या, या. वाचलंत का ह्यांचं? सकाळपासून फोनवर फोन येतायत. शिरोळ्यांनी पेढे पाठवलेत. बसा, देते."

ओगले आरामखुर्चीत होते, अंगात घरची बंडी. त्यांनी वहिनींना म्हटलं, "चहा टाक जरा." त्या आत गेल्या.

"ओगले, आपण शब्द दिला होता."

"मी वाईट कुठे लिहिलं?"

"वाईट लिहू नका असं तिने म्हटलंच नव्हतं. थांबा म्हणाली होती. चांगलं लिहिलंत तर काय होईल तेही सांगितलं होतं. तुम्ही तिथेच उभे होतात."

"वर्देबाई, गायक मंडळी घाबरट असतात. त्यांना धीर द्यावा लागतो. आज तो पेपर वाचून ती दुप्पट जोमाने उभी राहील."

"अंतरा कुठे ऐकलात?"

"कुठला?"

"उंबऱ्यातली हाक."

"प्रयोगात. आणखी कुठे?"

"प्रयोगात मी तुमच्या शेजारच्या खुर्चीत होते."

त्यांनी चष्मा काढला, बंडीच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. मग परत काढला.

"अनवधानाने झालं," ते म्हणाले. "लिहिता लिहिता पद पूर्णच झालं. तिने गायलं नाही हे लक्षातच राहिलं नाही. माझ्या कानात ते पुरंच वाजत होतं."

"श्रीरंग इंदूरला असतात म्हणे."

"म्हणतात."

"कोण म्हणतं?"

"मीच," ओगले म्हणाले. "ती आवई मीच उठवली."

आतून कपबश्यांचा आवाज येत होता. ओगल्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"तुम्ही लेखक नाही, वर्देबाई. तुम्हाला ते कधी वाटलंच नाही. मला मात्र पहिल्यापासून वाटायचं. आयुष्यभर दुसऱ्यांची पदं तोलत बसलो. कुणाचं यमक लंगडं, कुणाचा भाव उसना. एकदा स्वतःचं टाकून बघावं म्हटलं तर नावाने टाकता येईना. मीच ज्यांना सोललंय ते मला सोडतील? म्हणून श्रीरंग. आणि मग काय झालं? माझं सगळ्यात चांगलं पद, आणि ती बाई मुखडा म्हणून आत निघून जाते! आणि तुम्ही मला सांगता, तोकडं आहे. धीट आहे."

"म्हणून तुम्ही तिचा गळा पणाला लावलात."

"मी कुठे लावला? शिरोळ्यांची सुट्टी म्हणजे काय असते ठाऊक आहे ना? तीन प्रयोग थंड गेले की पंधरा दिवसांत ते दुसरं नाटक काढतात. पद्मरेखाचे पडदे गोदामात. मग कुठली पदं आणि कुठली वृंदा? मी तिलाही वाचवलं."

"तिने तसं मागितलं नव्हतं."

"गळे बरे होतात हो," ओगले म्हणाले. "नाटकं पुन्हा उभी राहत नाहीत."

"हे सगळं मी छापू शकते."

"हो. छापाल." ते शांत होते. "पण आधी थांबाल. तिसऱ्या प्रयोगापर्यंत. तुम्ही शब्द पाळता, हे मला पक्कं माहीत आहे."

वहिनी चहा आणि पेढे घेऊन आल्या. मी उठले. "अहो, तोंड तरी गोड करा," त्या म्हणाल्या. मी त्यांना घाई आहे म्हणून सांगितलं.

कचेरीत पोचले तेव्हा माझ्या टेबलावर तो पेपर घडी घालून ठेवला होता. संपादकांनी त्यावर काही लिहिलं नव्हतं. दिवसभर ते माझ्याशी बोललेही नाहीत.

शिरोळ्यांना मी दुपारी गाठलं. नाट्यगृहाच्या बाहेर रांग होती आणि शिरोळे तिकीटखिडकीपाशी उभे राहून ती नजरेने मोजत होते.

"दुसरा काल झाला. येत्या शनिवारचा तिसरा प्रयोग बुधवारीच घेतोय," ते म्हणाले. "एकांची तारीख रिकामी झाली. प्लॅन उघडला आणि बघता बघता संपला. गुरुवार, शुक्रवारही घेतलेत."

"सुट्टीचं काय? तुम्ही वृंदाला कबूल केलं होतं."

"केलं होतं ना. पण तेव्हा आवाज बरा नव्हता." त्यांनी खिशातून कात्रण काढलं. "आता बरा आहे. हे मी नाही म्हणत, ओगले म्हणतायत."

"तुम्ही स्वतः ऐकलंत ना तिला?"

"बाई, मी धान्याचा व्यापारी. मला सुरातलं काय कळतं? कळणाऱ्याने लिहिलंय."

"आणि पदं कुणाची आहेत ते तरी कळतं का तुम्हाला?"

शिरोळे हसले. पुन्हा रांग मोजू लागले. म्हणजे त्यांना माहीत होतं.

बुधवारी पाचचा प्रयोग होता. मी बरीच आधी गेले आणि संकेत वगैरे बाजूला ठेवून सरळ रंगपटात शिरले. वृंदा टॉवेल डोक्यावर घेऊन गरम पाण्याची वाफ घेत होती. मी दार लावलं.

"गाऊ नकोस," मी म्हणाले. "ताप आला म्हणून सांग. पडले म्हणून सांग. काहीही सांग."

तिने टॉवेल काढला. चेहरा लाल झाला होता. "बाहेर बोर्ड लागलाय ना ताई, हाउसफुल्लचा?"

"लागू दे. ओगल्यांनी खोटं लिहिलंय. तू शनिवारी वरचा सूर लावलाच नाहीस."

"मला माहीत आहे मी काय लावला ते."

"मग?"

"अण्णा म्हणाले, समीक्षकाला ऐकू आलं ते तुला कसं ऐकू येत नाही? मी म्हटलं, येत नाही. ते म्हणाले, मनाचे खेळ आहेत." तिने टॉवेलची घडी घातली, मोडली. "आणि खरं सांगू? मी ते परत परत वाचलं. वाटलं, आतून मला जसं ऐकू येतं तसं कदाचित बाहेर जात नसेल. इतकी वर्षं भाऊंचं ऐकत आले. सूर चढला की त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं."

मला आता सांगणं भाग होतं. "वृंदा, श्रीरंग म्हणजे ओगले आहेत. पदं त्यांची आहेत. स्वतःच्या पदांसाठी त्यांनी ते परीक्षण लिहिलं."

तिला धक्का बसेल अशी माझी समजूत होती.

"ठाऊक आहे," वृंदा म्हणाली.

"काय?"

"पदं त्यांनीच मला बसवून दिली. त्यांच्या घरी. वहिनी देवळात गेल्या की."

मी खुर्ची ओढून बसले.

"कुणाला सांगू नकोस म्हणाले होते. तुम्हाला तर अजिबात नको. वर्देबाईंना कळलं तर त्या छापतील, म्हणाले."

"आणि शनिवारी आम्हा तिघांना बोलावलंस ते?"

ती आरशातून माझ्याकडे बघत होती. "एकट्या भाऊंचा शब्द मला पुरला नसता. पदांसाठी ते किती आसुसलेत ते मी पाहिलं होतं. म्हटलं, तुमच्यादेखत दिला तर मोडणार नाहीत. ते तुम्हाला फार मानतात." थोडं थांबून ती म्हणाली, "मला वाटलं होतं, मानतात."

म्हणजे त्या खोलीत आम्ही चौघं होतो, आणि मी व दाणी सोडून बाकी दोघांना खरं काय चाललंय ते माहीत होतं. मी साक्षीदार होते. मला वाटत होतं मी मैत्रीण आहे.

"तो अंतरा तरी गाऊ नकोस," मी म्हणाले.

"नाही. मुखड्यावरच सोडणार आहे. तेवढं मी अण्णांकडून कबूल करून घेतलंय." ती उठली. "तुम्ही बाहेर जा ताई. पहिली घंटा होईल."

परीक्षकांच्या खुर्च्या ठरलेल्या असायच्या. चौथ्या रांगेत कडेला दाणी, मग मी, मग ओगले. ओगले आधीच येऊन बसले होते, अंगात इस्त्रीचा झब्बा. त्यांनी मान हलवली. मी हलवली नाही. दाणीने वाकून माझ्या कानात विचारलं, "जागा बदलू?" मी नको म्हटलं.

नाट्यगृह भरलं होतं. जिन्यावरही माणसं उभी होती. वृंदा आली आणि तिने तोंड उघडायच्या आधीच टाळ्या पडल्या. पहिली दोन पदं तिने शनिवारसारखीच निभावली, वळसे घेत, खालच्या अंगाने. लोक खूश होते. त्यांनी जे वाचलं होतं तेच त्यांना ऐकू येत होतं.

मग तिसरं पद आलं. जाताना वाट पुसून जा, सख्या. तिने मुखडा दोनदा म्हटला आणि विंगेकडे वळली.

"अंतरा!" बाल्कनीतून कुणीतरी ओरडलं.

ती चालत राहिली.

"उंबऱ्यात!" दुसऱ्या बाजूने आवाज आला. मग तिसरीकडून, चौथीकडून. लोकांनी सोमवारपासून त्या दोन ओळी पाठ केल्या होत्या. कुणीतरी टाळीचा ठेका धरला आणि बघता बघता सगळं सभागृह ठेक्यात टाळ्या वाजवू लागलं. वृंदा प्रेक्षकांकडे पाठ करून उभी होती. विंगेत शिरोळे दिसत होते. ते दोन्ही हातांनी तिला परत फिर अशी खूण करत होते.

ऑर्गनवाल्याने तिच्याकडे पाहिलं आणि अंतऱ्याची जागा हलकेच वाजवली. त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. सभागृह मागत होतं.

वृंदा वळली.

पहिली ओळ चांगली लागली. मी परीक्षक आहे, म्हणून नोंदवते : फार चांगली लागली. त्या ओळीपुरती ती खरोखर दोन वर्षांपूर्वीची वृंदा होती. माझ्या शेजारी ओगल्यांचा श्वास थांबला होता. दुसऱ्या ओळीवर चाल एकदम वर उडी घेते. तीच आज, असं ती म्हणाली आणि वर गेली, आणि तिथे काहीतरी फाटलं. आवाज चिरला वगैरे नाही. आधी नुसती खरखर आली आणि मग काहीच नाही. तिचं तोंड उघडं होतं, गळ्याची शीर ताठ होती, आणि आवाज नव्हता.

लोकांना तो अभिनय वाटला. राख झालेली हाक. प्रचंड टाळ्या पडल्या.

मी ओगल्यांकडे पाहिलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. ओठ हलत होते. ते ओळ पुरी करत होते.

पडदा पडला. तो मग त्या दिवशी उठला नाही. शिरोळ्यांनी पुढे येऊन पैसे परत मिळतील असं सांगितलं तेव्हा लोक चिडले. दाणी उठून आत धावला. मी बसून राहिले, आणि ओगलेही. काही वेळाने ते घसा साफ करून म्हणाले, "डॉक्टर चांगला बघितला पाहिजे." मी उठून गेले.

वृंदा काही महिन्यांनी बोलायला लागली. जाडसर, खालच्या आवाजात. गायली नाही पुन्हा. तिच्या गावी ती मुलांना गाणं शिकवते, पेटीवर वाजवून दाखवते, असं कुणी कुणी सांगतात. मी तिला दोनदा पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही.

पण हे नंतरचं. गुरुवारी दुपारी मी कचेरीत बसून परीक्षण लिहिलं. शब्द संपला होता. तिसरा प्रयोग झाला होता. मी संहितेबद्दल लिहिलं, नेपथ्याबद्दल लिहिलं, शनिवारी वृंदाचा आवाज कसा होता आणि बुधवारी काय झालं तेही लिहिलं. विशेषणं घातली नाहीत. ओगल्यांवर एक वाक्यही लिहिलं नाही. परीक्षणाच्या शेवटी आम्ही नेहमी श्रेयनामावली छापायचो : लेखक, दिग्दर्शक, संगीत, नेपथ्य. ती मी नेहमीसारखीच उतरवली.

उपसंपादक वाचता वाचता थांबला. "बाई, इथे 'पदे : मनोहर ओगले' झालंय. ते तर परीक्षण लिहितात ना?"

"हो. तेच."

"जाहिरातीत श्रीरंग आहे."

"जाहिरातीत आहे."

"मग हे असंच जाऊ दे?"

"असंच."

शुक्रवारी ते छापून आलं. त्याच दिवशी ओगल्यांच्या संपादकांनी त्यांना बोलावून घेतलं. पुढच्या सोमवारपासून त्यांचं सदर दिसलं नाही, आणि नंतर कधीच दिसलं नाही. पुण्यात इतके दिवस ज्यांना त्यांच्याविषयी बोलायचं धाडस नव्हतं ते सगळे बोलले.

त्यांचा फोन मात्र शुक्रवारीच सकाळी आला, त्यांना बोलावणं यायच्या आधी. मला वाटलं, शिव्या देतील. त्यांना तो हक्क नव्हता, पण दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या.

"छापलंत," ओगले म्हणाले.

"हो."

"नाव बरोबर छापलंय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. इतक्या वर्षांत मी त्यांचा तसा आवाज ऐकला नव्हता. त्यांना आनंद झाला होता, आणि तो त्यांना लपवता येत नव्हता. "हिने कात्रण कापून ठेवलंय. हिला ठाऊकच नव्हतं ना. सकाळपासून सगळ्यांना दाखवतेय."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"एक विचारू का, वर्देबाई? तुम्ही नेपथ्यावर लिहिलंत. प्रकाशयोजनेवरसुद्धा लिहिलंत. पदांवर एक ओळ नाही." ते थांबले. एखादा नवशिका कचेरीत येऊन बसतो आणि विचारायचं धाडस गोळा करतो तसे. "वाईट होती का?"

पदं चांगली होती. तो अंतरा तर त्या वर्षी मी रंगमंचावर ऐकलेल्या ओळींत सगळ्यात चांगला होता.

"तुम्ही तिच्याबद्दल विचारायला फोन केलात असं मला वाटलं होतं," मी म्हणाले, आणि फोन ठेवला.